पीयूसीत गाडी नापास, कॅट बदलू का? सल्ला हवा

धागाकर्ता, पुणे
गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, १ लाख १२ हजार किमी झालेली. काल पीयूसीत नापास झाली. स्लिपवरचे आकडे:
आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.९८ टक्के (मर्यादा ०.३), एचसी म्हणजे न जळलेलं इंधन २९० पीपीएम (मर्यादा २००).
२५०० आरपीएमला सीओ ०.८४ (मर्यादा ०.२), लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा ०.९६५ (०.९७ ते १.०३ मध्ये हवा).
चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. अ‍ॅव्हरेज मात्र १७वरून १३वर आलंय. नेहमीचे गॅरेजवाले म्हणतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) गेला, २८ हजार लागतील. दुसरे म्हणतात तो काढून सरळ पाइप टाकू. एका ठिकाणी तर 'पाचशे द्या, सर्टिफिकेट मिळेल' असंही ऐकलं. तसलं मला काही करायचं नाही. आईला दमा आहे, गेट उघडायला ती गाडीमागे उभी राहते आणि तिला ठसका लागतो. जुनी पीयूसी शुक्रवारी संपतेय. काय करू?

गॅरेजवाला, कराड
थांबा, २८ हजार खर्च करू नका. तुमच्या स्लिपवर सगळ्यात महत्त्वाचा आकडा लॅम्डाचा आहे. तो १च्या खाली म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जातंय, मिश्रण रिच आहे. सीओ जाळायला कॅटला ऑक्सिजन लागतो आणि रिच मिश्रणात तो उरतच नाही. चांगला कॅटसुद्धा तिथे हात टेकतो. लॅम्डा १च्या आसपास असून सीओ-एचसी वर असते, तर मीही कॅटवरच बोट ठेवलं असतं. नुसता एचसी वाढला असता तर प्लग, कॉइल बघा म्हटलं असतं.
सरळ पाइपचं नावच काढू नका. ०.३च्या मर्यादेत कॅटशिवाय ही गाडी बसायची नाही.
ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या, तो इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवतो, हजाराच्या आत येतो. गाडी वीस मिनिटं चालवा आणि शेजारी कुणालातरी बसवून तीन गोष्टी टिपायला सांगा: कूलंटचं तापमान, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोल क्षणोक्षणी किती कमी-जास्त केलं जातंय तो आकडा) आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन ओळखणारा) व्होल्ट.
आणि एक सांगा, गेल्या वर्षभरात गाडी कधी तापली होती का?

सीएनजीवाला, नाशिक
एअर फिल्टर पण बघून घ्या. आणि टेस्टला गाडी गरम असतानाच न्या. रांगेत अर्धा तास बंद ठेवून लगेच नळी लावली की कॅट गार पडलेला असतो.

धागाकर्ता, पुणे
फिल्टर स्वच्छ आहे. आज डोंगल लावून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, भाऊ शेजारी बसून लिहीत होता. तापमान ४८ ते ५५, त्याच्या वर गेलंच नाही. ट्रिम शून्यावर चिकटलेला, हलतच नव्हता. सेन्सर ०.८च्या आसपास.
आणि हो, तापली होती! मे महिन्यात खंबाटकीत काटा लालपर्यंत गेला होता. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने काहीतरी काढून दिलं, 'हे थंड देशातल्या गाड्यांना लागतं, आपल्याकडे काय काम' म्हणाला. त्यानंतर तापली नाही, म्हणून मी विसरून गेलो होतो.

गॅरेजवाला, कराड
सापडलं. त्याने थर्मोस्टॅट काढलाय. इंजिन गरम होईपर्यंत तो कूलंटची रेडिएटरकडची वाट अडवून ठेवतो. तो नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहतं आणि इंजिन कायम गार. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो पेट्रोल वाढवून देतो आणि ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. ट्रिम शून्यावर गोठला तो याच्यामुळेच. तुमचं अ‍ॅव्हरेजही तिथेच गेलं.
आपल्याकडे हे फार चालतं आणि मला त्याचा खरंच राग येतो. गिऱ्हाइकाला वाटतं गाडी बरी झाली, पण इंजिन आतून झिजत राहतं आणि पेट्रोलचा वास ऑइलला येतो. डिपस्टिक काढून हुंगून बघा.
कंपनीचाच थर्मोस्टॅट घ्या, नवं गॅस्केट घ्या, कूलंट भरताना हवा नीट काढा. ऑइलला वास असेल तर तेही बदला. ऑक्सिजन सेन्सर आत्ता विकत घेऊ नका. तापमान ८५च्या वर गेल्यावर त्याचे व्होल्ट ०.१ ते ०.९ भराभर खालीवर होतात का बघा. होत असतील तर तो ठणठणीत आहे.

धागाकर्ता, पुणे
झाली पास! ऑइलला वास होताच, म्हणून ऑइल-फिल्टरही बदलला. थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, ऑइल आणि मजुरी धरून ४,६०० रुपये. तापमान आता ८८-९०वर स्थिर, सेन्सर छान नाचतोय. केंद्रावर जायच्या आधी वीस मिनिटं चालवली.
आयडलला सीओ ०.०४, एचसी ३८. वरच्या आरपीएमला सीओ ०.०२, लॅम्डा १.००४. कॅट जुनाच आहे. बीएस-४ म्हणून पीयूसी एक वर्षाची मिळाली. आईला मुद्दाम गेटपाशी बोलावलं, ठसका लागला नाही. कराडच्या दादा, तुमचे उपकार आहेत.

गॅरेजवाला, कराड
आईंना नमस्कार सांगा. एक काम मात्र राहिलंय. मे महिन्यात गाडी का तापली, ते अजून कळलेलं नाही आणि आता थर्मोस्टॅट परत बसलाय. एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू राहू द्या, काट्यावर नजर ठेवा आणि रेडिएटरचा फॅन आपोआप फिरतो का बघा. काटा वर सरकला तरी फिरला नाही तर लगेच बंद करा. फॅनचा रिले, मोटर आणि कूलंटची गळती तपासल्याशिवाय घाटात नेऊ नका.

धागाकर्ता, पुणे
आत्ता बघून आलो. ९८ झाले तरी फॅन गप्पच, गाडी बंद केली. एसी लावल्यावर मात्र फिरतो. उद्या सकाळी वायरिंगवाल्याकडे नेतो.