मदत हवी आहे : ढेकणांसाठी यीस्ट-साखरेचा सापळा कुणी केलाय का?

नमस्कार मंडळी. आम्ही सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. दिवाळीपासून घरात ढेकूण झालेत. दोनदा पेस्ट कंट्रोल केलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आईला दमा आहे, त्यामुळे आता तिसरी फवारणी नकोच. काल सकाळी तिच्या दंडावर एका ओळीत तीन गांध्या होत्या आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके. बघवत नाही हो.

आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर ढेकूण येतात. म्हणून बाटलीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट घालून तो वायू तयार करायचा, नळीने खोलगट भांड्यात सोडायचा. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो काठावरून जमिनीकडे उतरतो. भांड्याला बाहेरून खरखरीत कापड, म्हणजे ढेकूण वर चढतील. आतून गुळगुळीत आणि वर टाल्कम पावडर, म्हणजे पडलेले बाहेर येणार नाहीत. कोरड्या बर्फानेही (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) जमतं, पण बंद खोलीत तो वायू साठला तर माणसाचाच जीव गुदमरेल, म्हणून ते नको.

दोन लिटरच्या बाटलीला साखर-यीस्ट किती घालता? रात्रभर पुरतं का? आई त्याच खोलीत झोपली तर ढेकूण सापळा सोडून तिच्याकडेच जातील ना? की दोन-तीन रात्री तिला दुसऱ्या खोलीत झोपवू? पण मग ते तिच्या मागे तिकडे पसरले तर?

सापळ्याने सगळे संपणार नाहीत, कळतं. निदान कुठे दडलेत ते समजेल. स्वतः केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.