इंदूर: ७२ फ्लॅटना मिळून एकच गरम पाण्याची सिस्टीम, जमेल का?

सुदामानगरकर:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी सुदामा नगरात, तीन बिल्डिंगा, प्रत्येकीत २४ फ्लॅट. घरोघरी गीझर, बहुतेक २ किलोवॉटचे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहा ते आठ सगळे एकदम सुरू होतात आणि गेल्या थंडीत दोनदा मेन केबल जळाली, एकदा तर ऐन परीक्षेच्या दिवशी पोरं अंधारात तयार होऊन गेली. आता जुने पाइप बदलायचं काम निघालंच आहे, शाफ्ट उघडणार आहेत. युरोपात म्हणे अख्ख्या वस्तीला एकाच ठिकाणाहून गरम पाणी जातं आणि कोळसा-गॅस जाळत नाहीत. आपल्याकडे तसं काही करता येईल का? रविवारी मीटिंग आहे, मला तिथे नीट आकडे मांडायचेत. आपल्या शहराने कचरा वेगळा करून दाखवला तर हेही होईल असं मला मनापासून वाटतं.

नेकारकाठचा:
काका, मी मूळ रामबागेचा, आता हायडेलबर्गला बानश्टाट नावाच्या वस्तीत राहतो. जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या जागेवर वसवलीय, ११६ हेक्टर. घरात बॉयलर नाही, तळघरात फक्त एक हीट एक्स्चेंजर, म्हणजे बाहेरून पाइपाने येणाऱ्या गरम पाण्याची उष्णता घरातल्या पाण्याला देणारं यंत्र. पण खरी गोष्ट पाइपात नाही हो, भिंतीत आहे. इथली घरं पॅसिव्ह हाउसच्या नियमाने बांधलेली, जाड इन्सुलेशन, तीन काचांच्या खिडक्या, म्हणजे घर गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटच्या आसपासच उष्णता लागते. आधी गरज कमी केली, मग उरलेली उष्णता लाकडाच्या चिप्स वगैरेतून भागवायची. शेजारच्या मानहाइममध्ये २०२३ पासून ऱ्हाइन नदीच्या पाण्यातली उष्णता ओढणारा २० मेगावॉटचा हीट पंप चालतो, नदी थंड असली तरी. ते पाहून मला नेहमी आपली नर्मदा आठवते. पण इथे सहा-सात महिने घरं तापवावी लागतात म्हणून वस्तीभर पाइप परवडतात, इंदुरात नाही परवडणार.

निवृत्त_मेकॅनिकल:
वरच्या दादांशी सहमत, तिन्ही बिल्डिंगा जोडू नका. हिशोब बघा. १०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण २.९ युनिट, घरटी १०० लिटर धरलं तर ७२ घरांना रोज २०९. चांगलं इन्सुलेशन असलेला पाइपसुद्धा मीटरमागे १० वॉटच्या आसपास उष्णता गमावतो, म्हणजे तिन्ही बिल्डिंगा जोडणारी १५० मीटरची पाइपांची रिंग २४ तास गरम ठेवली की रोज ३६ युनिट जमिनीत गेले, कोणी आंघोळ करो न करो. त्यापेक्षा प्रत्येक गच्चीवर एक हीट पंप (विजेवर चालून बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र) आणि २४०० लिटरची इन्सुलेटेड टाकी.

आता मुद्द्याचं. हीट पंप पहाटे चालवायचाच नाही! पहाटे हवा ८-१० अंश, तेव्हा तो हाफतो. दुपारी २५ अंशांच्या हवेत एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, तेव्हाच टाकी भरून ठेवायची, पाणी दुसऱ्या सकाळी वापरायचं. एका बिल्डिंगला रोज २४ युनिट वीज, तेवढी ६ किलोवॉटच्या सोलरमधून हिवाळ्यातही जवळपास निघते आणि तीही दुपारीच. केंद्राच्या पीएम सूर्य घर या सोलर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८,००० सबसिडी आहे. सगळे गीझर मिळून १४४ किलोवॉटचा लोड होता, तो तिन्ही पंपांचा मिळून १५ वर येतो, तोही सकाळी नाही, तुमची केबल वाचली. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, रोज २०९ ऐवजी ७२ युनिट लागली की नुसती बचतच रोज क्विंटलभर होते.

एक खबरदारी, टाकी कोमट ठेवू नका. ६० अंशांपर्यंत नेत चला, नाहीतर लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा न्यूमोनिया होतो. नळाशी मात्र थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह पाहिजेच.

टिळकनगर_तिसरा_मजला:
आमच्याकडे गच्चीवर सोलर वॉटर हीटर लावले होते. पाणी बोरिंगचं, तीन वर्षांत नळ्यांवर पांढरा थर बसला. आणि खालच्या मजल्यावर गरम पाणी यायला दोन-दोन बादल्या थंड पाणी सांडायचं, मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या बिल्डिंगमध्ये हे बघवत नव्हतं. हाच प्रकार टाळा, टाकीला नर्मदेचंच पाणी द्या आणि परतीचा पाइप आत्ताच टाका, म्हणजे पाइपात थंड झालेलं पाणी न सांडता टाकीत परत जाईल.

सुदामानगरकर:
तुम्हा सगळ्यांचे फार आभार, आकडे वहीत उतरवून घेतले. एकच अडलंय, वरच्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, त्यांनी पाच माणसांच्या घराएवढे पैसे का भरायचे?

निवृत्त_मेकॅनिकल:
भरायचे नाहीतच. प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचं वेगळं मीटर, बिल लिटरवर. शाफ्ट उघडा आहे तोवर बसवून घ्या, नंतर टाइल्स फोडाव्या लागतील.