आरोपीच्या वकिलालाच पोलिसांची नोटीस: उत्तर काय द्यायचं?

सीबीएस_ज्युनिअर:
नाशिक जिल्हा न्यायालयातलं फौजदारी प्रकरण. बनावट खरेदीखताच्या गुन्ह्यात आरोपीतर्फे आमच्या सिनिअर मॅडमचं वकीलपत्र आहे, जामीन अर्ज प्रलंबित. तपासी अंमलदारांनी मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची (साक्षीदाराला तपासासाठी बोलावण्याची) नोटीस पाठवली आहे: 'माहिती देण्यासाठी मोबाईल व कागदपत्रांसह पोलीस ठाण्यात हजर राहावे.' बारमधले काही जण म्हणतात, फोनवर बोलून मिटवा. काय करावं?

फौजदारी_नाशिकरोड:
फोनवर अवाक्षर बोलू नका. अशिलाने सांगितलेलं गुपित अशिलाच्या मालकीचं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला ते उघड करता येत नाही. काम संपल्यावरही हे बंधन राहतं, आणि कारकुनालाही ते लागू आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या कोणालाही बाजूला घेऊन विचारलं तरी उत्तर तेच.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात हे पक्कं केलंय. आरोपीच्या वकिलाला प्रकरणाची माहिती काढायला बोलावता येत नाही. कलम १३२ मधला अपवाद (उदा. बेकायदा कामासाठी केलेलं बोलणं) लागू आहे असं म्हणायचं असेल, तर त्याची तथ्यं समन्समध्येच लिहावी लागतात. शिवाय अधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याची लेखी कारणांसह मंजुरी आधी लागते. नाशिक शहरात म्हणजे उपायुक्त, ग्रामीणला पोलीस अधीक्षक. तुमच्या नोटिशीत यातलं काहीच दिसत नाही.

आणखी एक. १७९ खाली महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज कुठेही हजर राहायला सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची बजावणीही चालत नाही (सर्वोच्च न्यायालय, २१ जानेवारी २०२५). पण नुसत्या या दोन मुद्द्यांवर विसंबू नका. उद्या शिपाई कागद घेऊन घरी येईल.

गंगापूररोड_अ‍ॅड:
गप्प बसणंही चुकीचं. हजर न राहिल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २०८ लावायचा प्रयत्न होतो. त्याच दिवशी लेखी उत्तर द्या, एवढंच:

'मी सदर गुन्ह्यात आरोपीची वकील असून वकीलपत्र न्यायालयात दाखल आहे. मागितलेली माहिती कलम १३२ खाली संरक्षित आहे व अशिलाने संमती दिलेली नाही. आपण कोणत्या अपवादाचा आधार घेता, त्याची तथ्ये व वरिष्ठांची लेखी मंजुरी कळवावी.'

सोबत वकीलपत्राची प्रत. ठाण्यातून आवक शिक्क्याची पोच घ्या, एक प्रत उपायुक्तांना स्पीड पोस्टने. इथेच बहुतेक जण घसरतात: उत्तरात 'माझ्या अशिलाने मला असं सांगितलं की' लिहून बसतात. जे झाकायचं तेच स्वतःच्या सहीने पोलिसांच्या हातात गेलं!

सीबीएस_ज्युनिअर:
आणि मोबाईल? त्यात इतर पन्नास अशिलांचे मेसेज आहेत.

फौजदारी_नाशिकरोड:
ठाण्यात मुळीच द्यायचा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (वस्तू वा कागद हजर करण्याचा आदेश) मागितला तरी तो फक्त न्यायालयापुढे हजर करायचा. न्यायालय अशिलाला नोटीस काढून हरकती ऐकेल. त्या फेटाळल्या, तरच उपकरण उघडायचं, तेही अशील आणि वकील हजर असताना, त्यांच्या पसंतीचा तज्ज्ञ सोबत घेऊन. इतर अशिलांची गोपनीयता जपणं न्यायालयावर बंधनकारक आहे.

कागदपत्रांचं वेगळं. मूळ खरेदीखत वकिलाच्या कपाटात ठेवलं म्हणून ते संरक्षित होत नाही. मागणी आली तर तेही न्यायालयातच हजर करा, हरकत तिथेच घ्या.

गंगापूररोड_अ‍ॅड:
मॅडमना एक मात्र स्पष्ट विचारा: त्या खतावर त्यांची साक्षीदार म्हणून सही आहे का? असेल तर त्या सहीपुरतं १३२ चं कवच मागता येणार नाही, आणि मग हे वकीलपत्र ठेवावं का याचाही विचार करावा लागेल. 'मी बनावट खत केलं, माझा बचाव करा' हे संरक्षित आहे. 'या बनावट खतावर दावा लावून ताबा मिळवून द्या' हे नाही. कायद्यातच ही दोन्ही उदाहरणं दिली आहेत.

उत्तरानंतरही नोटीस मागे घेतली नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार) अर्ज. वकील किंवा अशील, कोणीही करू शकतो. नोटीस, उत्तर आणि पोच जोडायची, म्हणून ती पोच जपून ठेवा.