प्रतिसाद: दुवा देण्यापुरते काम नाही
‘दीक्षा’ या शालेय अभ्याससाहित्याच्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरील चित्रफिती वर्गात दाखवल्या की शिक्षकाचे काम झाले, या मताशी मी सहमत नाही. त्या चित्रफिती उघडण्यासाठी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करणे सोपे आहे. कसोटी लागते ती मुले प्रकल्पासाठी स्वतः शोधू लागतात तेव्हा. सातवीच्या वर्गात मी मराठी विकिपीडियावरील रायगडाच्या लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे लेखातील बदलांची नोंद, उघडते, कोणी केव्हा काय बदलले ते मुलांना वाचायला लावते आणि तोच तपशील मराठी विश्वकोशात ताडून पाहायला सांगते. स्रोत लिहिलेला नसेल, तर वही परत जाते. वर्गमित्राचा फोटो त्याला न विचारता मोबाइलवरच्या गटावर टाकू नये, हेही त्याच तासाला सांगावे लागते, कारण मोबाइल बहुधा पालकांचा असतो आणि तो फोटो पुढे कोणाकोणाकडे जाईल याची मुलांना कल्पनाच नसते.