ऑनलाइन थेरपी: तुम्ही बोललात कुठे बसून?

२०२० च्या टाळेबंदीत समुपदेशन मोबाइलवर आलं आणि बऱ्याच जणांसाठी तिथेच राहिलं. प्रवास वाचला, वेटिंग रूममध्ये ओळखीचं कोणी भेटेल ही धास्तीही गेली. पण दार लावून तासभर मोकळं बोलायची सोय आपल्याकडे किती घरांत असते? ताण, चिंता, नात्यातल्या कटकटी, कशासाठीही ऑनलाइन थेरपी घेतली असेल तर लिहा. उपयोग झाला का, आणि बोललात कुठे बसून तेही. थेरपिस्टचं नाव आणि औषधांची नावं मात्र नकोत.

डोंबिवली
वन बीएचके, सासूबाई दिवसभर घरात. म्हणून माझी सेशन्स खाली पार्किंगमध्ये, गाडीत. काचा वर, घामाच्या धारा. वॉचमनला वाटायचं, मी नवऱ्याशी भांडून खाली येते. लोकलमध्ये छातीत धडधड, हातपाय गार. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड सगळं नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनीच हा रस्ता सुचवला. थेरपिस्ट आरईबीटीवाल्या, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत. वहीत तीन रकाने आखायला लावले: घटना, मनात आलेला विचार, झालेला त्रास. माझी पहिली नोंद: ‘फास्ट चुकली. आता साहेब सगळ्यांसमोर बोलणार, मी कामातून गेले. धडधड, पोटात गोळा.’ त्यांनी मधला रकाना धरला. साहेब बोलतील हे शक्य आहे, पण त्यावरून तुम्ही कामातून कशा गेलात? पुरावा काय? वाद घालायची खोड असेल तर हे प्रकरण भारी जमतं, फक्त स्वतःशी घालायचा. धडधड अजून होते. पण पूर्वी मधल्याच स्टेशनला उतरून जायचे, आता आहे तिथे उभी राहते.

न्यू जर्सी
आम्ही जोडप्याने घेतली. भांडणाचं मूळ भारतात: दोघांच्या आईवडिलांचं पुढे कसं, पैसे किती, जाणार कोण. इथे परवाना राज्यापुरता असतो. सेशनच्या वेळी आपण ज्या राज्यात असू तिथे काम करायची परवानगी थेरपिस्टकडे लागते, त्यामुळे सुट्टीत फ्लोरिडाला गेलो तेव्हा भेट रद्द. सुरुवातीला एकाच लॅपटॉपसमोर शेजारी बसून आम्ही थेरपिस्टकडे एकमेकांच्या चहाड्या करायचो. तिने लॅपटॉप बाजूला सरकवून खुर्च्या समोरासमोर मांडायला लावल्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर न देता जे ऐकलं ते परत सांगायचं. बावळटपणा वाटला. मग बायकोने माझं म्हणणं परत सांगितलं: ‘माझ्या आईची काळजी ही माझी एकटीची अडचण आहे.’ मी तसं म्हणालोच नव्हतो. तिला मात्र इतकी वर्षं तेच ऐकू येत होतं.

पुणे, एमपीएससी
फी परवडणारी नव्हती. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. अभ्यासिकेच्या गच्चीवरून लावला. समोरच्या ताईंनी ऐकून घेतलं आणि जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलं. कोणीतरी तोंडावर विचारलं याचंच बरं वाटलं. पुढे सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत पाठवलं, तिथे अजून जातो.

कोल्हापूर
एका ॲपवर चॅटने घेतली. थेरपिस्ट सारखी बदलायची, की मी पुन्हा घटस्फोटापासून सुरू. पॅकेजचे उरलेले पैसे बुडाले. एकेका सेशनचेच पैसे भरा.

नाशिक
मी स्वतः क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून थोडं. भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊच नका. औषधं आम्ही लिहून देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम. पहिल्याच भेटीत आम्ही तुमचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा फोन मागतो, ती चौकशी नव्हे. पडद्यापलीकडे कोणाच्या जिवावर बेतलं तर मदत पाठवायची कुठे? एरवी गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे. जागेचं म्हणाल तर दाराबाहेर रेडिओ लावून ठेवा आणि एक वाक्य ठरवून घ्या. माझ्याकडे ‘पीडीएफ मेल करते’ ऐकू आलं, की कोणीतरी खोलीत आलंय हे मला कळतं.

छत्रपती संभाजीनगर
निवृत्तीनंतर चिडचिड वाढली म्हणून मुलीने जोडून दिलं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो, सौ. शेजारी भाजी निवडते. थेरपिस्ट म्हणाले, एकटे बसा. मी म्हटलं, राहू द्या हो, हिच्यापासून काय लपवायचं. परवा त्यांनी विचारलं, राग आल्यावर काय करता? मी म्हणालो, आवाज चढवत नाही, गप्प बसतो. मेथीच्या ढिगामागून ‘खोटं’ असं स्पष्ट ऐकू आलं. पुढच्या वेळी त्यांनी तिलाही बोलावलंय.