नाशिकमध्ये कापडावर काम करणारं कुणी आहे का? स्टुडिओबद्दल विचारायचं आहे

भटकी_सुई

नमस्कार मंडळी,

मी इंदिरानगरला राहते. नोकरी अकाउंट्सची, पण गेली काही वर्षं जुन्या साड्यांचे तुकडे जोडून भिंतीवर लावायचे पडदे, पाट्या असं काहीबाही करते आहे. दोन-तीन ओळखीच्यांनी पैसे देऊन नेले आणि डोक्यात किडा शिरला. आता घराच्या गच्चीवरची खोली रिकामी झाली आहे, तिथे नीट कामाला बसावं असं वाटतंय. नैसर्गिक रंगही शिकायचे आहेत. सासर पिंपळगावकडचं, द्राक्षबागा घरच्याच, म्हणून मनात आलं की द्राक्षांचाच रंग का करू नये? आपल्या नाशिकची ओळख!

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगा: तुमचा दिवस कसा जातो, सध्या काय करताय, आणि नवीन काही सुचतं कुठून? इंटरनेटवरचे फोटो पाहून पाहून सगळ्यांचं काम सारखंच दिसायला लागलंय.

रंगाची_वाटी

सुईताई, आधी द्राक्षांचं उरकून टाकते, कारण नाशकात रंगाचं काम करते म्हटलं की समोरच्याचा दुसरा प्रश्न तोच असतो. नका करू. काळ्या द्राक्षाच्या सालीतला जांभळा रंग पातेल्यात बघायला फार देखणा. कापडाला साबण लागला की राखाडी होतो आणि उजेडात टांगलात की तोही उडतो. बीट, जास्वंद, जांभूळ सगळी त्याच माळेतली. हळदही उन्हाला टिकत नाही. कुणी शंभर टक्के पक्का द्राक्षरंग म्हणून विकत असेल तर त्याला सहा महिने खिडकीत लावलेला तुकडा दाखवायला सांगा.

आपल्या जिल्ह्याचा टिकाऊ रंग डाळिंबाच्या सालीत आहे. सटाणा, मालेगाव, देवळा, सगळा डाळिंबाचा पट्टा. ज्यूसच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं की तो पिशवीभर सालं बाजूला काढतो, फुकट. सालं वाळवायची, रात्रभर भिजवायची, तासभर उकळून गाळून घ्यायची. पण त्याआधी कापड. दुकानातल्या मांजरपाटाला खळ असते, ती धुण्याच्या सोड्यात उकळून काढल्याशिवाय कुठलाच रंग सरळ बसत नाही. मग सुती कापडाला हिरड्याचं पाणी आणि त्यानंतर तुरटी, कापडाच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के. वजन करायचंच, अंदाजपंचे नाही. तुमच्या अकाउंट्सचा इथे उपयोग होईल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डाळिंबात रंगवलेलं पिवळं कापड हिराकसाच्या (लोखंडाचा क्षार) पाण्यात घातलं की पहिली दोन-तीन सेकंदं काहीच होत नाही. मग घडीच्या कडेकडेने शेवाळी रंग चढायला लागतो, आणि बाहेर काढून झटकलं की हवेत आणखी गडद होत जातो. जिथे चिमटीत धरलं होतं तिथे बोटांचे पिवळे ठसे राहतात. मी ते ठेवते. हिराकस मात्र दोन-चार टक्क्यांच्या वर नको. जास्त झालं की कापड काही वर्षांत कुजतं. जुन्या काळ्या छापाच्या साड्या नेमक्या काळ्या रेषेवरच फाटलेल्या पाहिल्या असतील.

दिवस कसा जातो म्हणाल, तर पाण्यात. माझी जागा पंचवटीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे गच्ची. नळाला पाणी सकाळी येतं तेव्हा पिंपं भरून घ्यायची, कारण बोअरचं पाणी जड आहे आणि त्यात तोच रंग वेगळा येतो (मंजिष्ठेच्या मुळीला मात्र ते जड पाणी मानवतं, तिचा तांबडा छान उघडतो). दुपारपर्यंत बादल्या उचलणं, ढवळणं, पिळणं. सुई हातात येते ती चार वाजता चहा झाल्यावर. खिडकीशी बसून शांतपणे टाके घालणारी कलावंत फोटोतच असते हो. पावसाळ्यात वाळवणीचे हाल. थंडीत वेगळीच तऱ्हा: निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की माझा निळीचा माठ झोपलाच म्हणून समजा. नीळ, चुना, गूळ यांची ती आंबवण, तिला ऊब लागते. जानेवारीत मी निळ्याच्या ऑर्डरी घेत नाही.

सुचण्याचं म्हणाल तर मी डिझाइनची पुस्तकं चाळत नाही, गावात फिरते. रंगपंचमीला जुन्या नाशकात या, रहाडी बघा. पेशवेकाळापासूनचे ते हौद वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात. पंचमीला उकरतात, पूजा होते, प्रत्येक रहाडीचा ठरलेला रंग कालवतात आणि पोरं धप्पाधप उड्या घेतात. सगळे रंग बघतात, मी बाहेर येणाऱ्यांचे पांढरे सदरे बघते. काखेत, कॉलरच्या आत, बटणपट्टीखाली पांढरं राहिलेलं असतं, आणि खालच्या दुमडीत रंग साचून जवळजवळ काळा. रंगाऱ्याने मुद्दाम बांधून-दुमडून जे करायचं ते तिथे आपोआप झालेलं. त्यावरून जुन्या सदऱ्यांची एक मालिका केली. सदरे उसवले नाहीत, घातल्यासारखेच दुमडून रंगात बुडवले आणि नंतर उलगडून शिवले.

सध्या चाललंय ते पांडवलेण्यांवरचं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २,०००च्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. हिशोब करून बघा: वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. चोख! तेव्हा विणकर नुसते विणत नव्हते, लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवत होते. आज माग चालवणाऱ्याला बँकेच्या दारात किती वेळ उभं करतात ते येवलेकर सांगतील.

तर मी वीस पट्टे करते आहे, मंजिष्ठा आणि हिरड्याच्या भगव्या-तपकिरी छटांत, प्रत्येकावर धावदोऱ्याने शिवलेली बारा वर्तुळं. शिवायला पंचवटीतल्याच गोधड्या शिवणाऱ्या दोन मावश्या आहेत. एक म्हणाली, "पैशाची गोधडी व्हय? पांघरली तर झोप यायची नाही." दुसरीने वर्तुळ आखून घ्यायला साफ नकार दिला, वाटी ठेवून नखाने रेघ ओढते आणि शिवते. तिची वर्तुळं माझ्यापेक्षा गोल येतात.

येवलेकर

वाटीताई, बँकेचं नाव काढू नका, सकाळ खराब होते.

सुईताई, रेशीम वापरणार असाल तर दोन गोष्टी. सुताची रीत रेशमाला लावू नका. सोड्यात उकळलं तर चमक गेलीच. तुरटी कमी पुरते आणि आच मंद ठेवायची. दुसरं म्हणजे पैठणीचे तुकडे म्हणून बाजारात जे मिळतं ते उलटं करून बघा. हातमागाच्या पदरावर मोर असो की असावलीची फुलवेल, मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि धागे जागच्या जागी एकमेकांत अडकवलेले असतात. मागे धाग्यांचं जंजाळ किंवा कापलेली टोकं दिसली तर तो मशीनचा माल. वापरा खुशाल, पण पैठणीचे पैसे देऊ नका.

आणि आमच्याकडे सुचणं वगैरे नसतं हो. किती धागे उचलायचे, किती सोडायचे हे मोजताना चुकू नये एवढंच डोक्यात असतं. तरी वडिलांच्या हातचा मोर आणि माझा मोर शेजारी ठेवला तर आई लांबून ओळखते.

भटकी_सुई

दोघांचेही मनापासून आभार! पांडवलेण्यांवर शाळेच्या सहलीला गेले होते, तेव्हा फक्त पायऱ्या मोजल्या होत्या.

वाटीताई, अजून दोन प्रश्न. किंमत कशी लावता? आणि द्राक्षबागेतलं काहीच उपयोगाचं नाही का? सासूबाईंना मोठ्या तोंडाने सांगून बसले आहे.

रंगाची_वाटी

किंमत: सामान, अधिक हाताचे तास (मावश्यांचे आधी, मग माझे), अधिक जागेचं भाडं, आणि वर वाया जाणाऱ्या कापडाचा थोडा भार. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय पातेलं चढवायचं नाही. आणि ऑर्डर घेतानाच लिहून द्यायचं की दोन तुकडे तंतोतंत एका छटेचे येणार नाहीत. एका बिल्डरला नमुना फ्लॅटसाठी चाळीस उशांचे अभ्रे शेड कार्डाप्रमाणे हवे होते. मी त्याला कारखान्याचा पत्ता दिला.

बागेतलं उपयोगाचं आहे, फक्त फळ सोडा. पानांचा तुरटीवर पिवळा येतो आणि तो फळाच्या रंगापेक्षा पुष्कळ बरा टिकतो. ऑक्टोबर छाटणीला ढिगाने पानं पडतात, तेव्हा पोतंभर भरून आणा. फक्त सासऱ्यांना विचारा, शेवटची फवारणी कसली आणि कधी केली. औषधाचा माल घरच्या पातेल्यात उकळायचा नाही, रंगाची भांडी वेगळीच ठेवा आणि पानं दोनदा धुवा. मोरचूद मारलेलं असेल तर त्यातल्या तांब्याने पिवळ्याचा हिरवट होतो. हिरवट हवा असेल तरी ते पाणी झाडांना घालू नका.

दर वेळी कापडाची चिंधी वहीत टाचून शेजारी बागेचं नाव, फवारणी, पाणी नळाचं की बोअरचं, सगळं लिहा. ऑक्टोबरमध्ये पोतं आणाल तेव्हा अर्धं माझ्याकडे टाका, थॉम्पसन आणि काळ्या जातीची पानं वेगवेगळी बांधून. मला दोन्ही शेजारी रंगवून बघायची आहेत.