पहिली गाडी मोठीच घ्या म्हणणाऱ्यांना

सव्वाशेवाला

काल या चर्चागटावर एका सतरा वर्षांच्या मुलाने विचारलं, पहिली मोटरसायकल कुठली घेऊ? त्याला मिळालेलं उत्तर असं: 'थेट मोठीच घे, शंभर-सव्वाशे सीसीचा सहा महिन्यांत कंटाळा येतो.' त्यावर पंधरा जणांची वाहवा. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

गाडी शिकणं म्हणजे वेग शिकणं नव्हे. क्लच सोडताना गाडी नेमकी कुठे धरते ते डाव्या हाताला कळावं लागतं. चढावर थांबून मागे न घसरता निघता यावं लागतं. सायकलपेक्षा हळू चालवताना तोल राहावा लागतो आणि वळणात शिरायच्या आधीच वेग उतरवायची सवय लागावी लागते. यातलं प्रत्येक काम पहिले काही महिने चुकतंच. छोट्या गाडीवर चुकलं तर गाडी गचका देते नाहीतर बंद पडते. मोठ्या गाडीवर तीच चूक केली तर गाडी उडी मारते. गचक्याने अंग मागे जातं, अंगाबरोबर उजवं मनगट खाली वळतं आणि थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, आणखी उघडतं. घाबरलेला मुलगा मूठ सोडत नाही, उलट आवळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, समोरच्या भिंतीसकट.

युरोपात परवान्याची पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॅट ताकदीवर अडवलेली आहे. त्यापुढची ३५ किलोवॅटची पायरी १८ वर्षांनंतर. असे टप्पे उगाच पाडलेले नाहीत.

लांबपल्ला

माझी पहिली गाडी मोठी होती. वय अठरा. मी अजून धडधाकट आहे.

छोटी गाडी सुरक्षित, हे शहरातल्या गल्लीपुरतं ठीक आहे. हायवेवर सव्वाशेची गाडी ऐंशीला थरथरायला लागते आणि मागून ट्रक हॉर्न देत अंगावर येतो. मित्राच्या छोट्या गाडीवर मी एकदा तसा अडकलो होतो. मूठ पूर्ण पिळलेली, गाडीत काही उरलेलं नाही आणि आरशात फक्त ट्रकची जाळी. त्या दिवशी ताकद म्हणजे काय ते कळलं. ताकद आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं कुठे आहे? मूठ आपल्याच हातात असते.

जुनंखोड

सव्वाशेवाले, तुमचं पटतं. मी शंभरच्याच गाडीवर शिकलो, माझी दोन्ही मुलंही तिच्यावरच शिकली. पण त्या मुलाला सीसीपेक्षा महत्त्वाची गोष्ट कुणीच सांगितली नाही. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मागचाच दाबायचा. पस्तीस वर्षं मी तसंच चालवतोय.

वळणवाट

काका, माफ करा, पण हे वाचून मला खरंच संताप आला. याच एका सल्ल्याने माझा भाऊ सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. समोर अचानक गाडी वळली, त्याने शिकवल्याप्रमाणे मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला. चाक लॉक झालं, गाडी आडवी झाली आणि तो रस्त्यावर घासत गेला. पुढच्या ब्रेकवर त्याचं बोटसुद्धा नव्हतं.

ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? थांबवायचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं.

अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधल्या मोटरसायकलच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला, १९८१ साली अहवाल आला. त्यात हेच निघालं: घाबरलेले चालक मागचं चाक लॉक करतात आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावत नाहीत. आणखी एक निघालं. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःहून किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. म्हणजे तुमच्या-आमच्या सल्ल्यांवर शिकलेले.

जुनंखोड

ताई, तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण माझ्या जोडीदाराने माझ्यासमोर पुढचा ब्रेक ओढला आणि हँडलसकट पुढे गेला. खांदा अजून वर जात नाही त्याचा. १९८१चे कागद मला दाखवू नका. मी तिथे उभा होतो.

वळणवाट

कुठे ओढला? वळणात की सरळ रस्त्यावर? खाली वाळू होती का?

जुनंखोड

वळणात. वाळू होती.

वळणवाट

मग! वाळूवर आणि वळणात झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक झटक्यात ओढला तर कुणीही पडेल. भार पुढे यायच्या आतच चाक थांबतं. म्हणून तो ओढायचा नाही, आवळत न्यायचा. आधी हलका, भार पुढे आलेला हाताला जाणवला की आणखी. हे तंत्र आहे आणि ते शिकवता येतं. 'हातच लावू नको' म्हणजे न शिकवणं.

लांबपल्ला

म्हणजे बोलणं शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलं. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय, बहुतेक मोठ्या गाड्यांवर मिळतं. सव्वाशेच्या आतल्या कितीतरी गाड्यांवर नुसते जोडलेले ब्रेक असतात, पाय दाबला की पुढचाही थोडा लागतो. चाक लॉक होण्याची एवढी भीती असेल तर पोराला एबीएसवाली गाडी का देत नाही?

सव्वाशेवाला

एबीएसचं मान्य. हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं, आलं नाही. छोटीत मिळत असेल तर तीच घ्यावी, दिसायला कशीही असो. पण साधं एबीएस झुकलेल्या गाडीला वाळूवर वाचवत नाही. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं, ते कुठलंही एबीएस मिटवत नाही. ट्रकचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी त्या मुलाने हायवेवर जायचं कारणच काय?

लांबपल्ला

कारण कॉलेज हायवेपलीकडे असतं! सगळ्यांना गल्लीतल्या गल्लीत फिरायचं नसतं हो. तुम्ही नियम तुमच्या सोयीने लावताय.

पाठची_सीट

मी कधी गाडी चालवली नाही. माझा मुलगा सतरा पूर्ण करतोय. तुमचं सगळं वाचलं, पण मागे कोण बसणार यावर एकही अक्षर नाही. या वयात कुणी एकटं फिरत नाही. आमच्या शेजारचा मुलगा नीट चालवायचा. ज्या दिवशी मागे मित्र बसवला त्याच दिवशी पडला. मागचं वजन वळणात उलट्या बाजूला झुकलं म्हणे. मित्राच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. ते निघून लांब जाऊन पडलं. त्या मुलाला अजून नीट बोलता येत नाही.

गाडी कुठलीही आणा. सहा महिने मागची सीट रिकामी, एवढंच मी घरात ठरवलंय.

वळणवाट

ताई, हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. आम्ही ब्रेकवरच भांडत बसलो.

सतरा_पूर्ण

तो विचारणारा मीच. मोठ्या गाडीवर बसून आलो. एका पायाचा चवडाच टेकतो, साईड स्टँडवरून उभी करताना ती माझ्या अंगावर आली, दोघांनी धरली. सव्वाशेच्या गाडीवर दोन्ही टाचा टेकल्या. ती मला आवडली नाही, पण तीच घेतोय. ब्रेकचं मात्र अजून कळलं नाही, काकांचं ऐकू की ताईंचं?

जुनंखोड

आज सकाळी मोकळ्या मैदानावर गेलो. कोरडी, सपाट जमीन. वीसच्या वेगात नुसता मागचा लावला, गाडी जिथे थांबली तिथे दगड ठेवला. मग ताईंनी सांगितलं तसा पुढचा आवळत नेला. दहा वेळा केलं. दगडापर्यंत एकदाही पोचलो नाही, अलीकडेच थांबलो. पोरा, ताईंचं ऐक. वाळूवर मात्र माझा हात जाणार नाही, ते मी आता बदलणार नाही.